पत्ता भिवंडीचा, माल कोणाचा?



भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. अलीकडे या शहराला दुसरी ओळख लाभली आहे. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या परिसरात गोदामांचे विस्तीर्ण जाळे उभे राहिले असून ऑनलाइन विकला जाणारा कितीतरी माल तेथून घरोघर पोहोचतो. या लौकिकाच्या आधारे ‘भिवंडीच्या कारखान्यातून थेट घाऊक माल’ अशा जाहिराती मोबाइलवर झळकतात. टी-शर्ट, हुडी विकून संसाराला हातभार लावू पाहणारे तरुण आणि बचत गटातील भगिनी यांनी अशा पुरवठादाराला आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी त्याची पारख करणे अगत्याचे आहे.

पहिली कसोटी मालाची. भिवंडीचे यंत्रमाग प्रामुख्याने कोरे कापड विणतात. टी-शर्टचे कापड निटिंग यंत्रावर तयार होते व त्याचे मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुपूर हे आहे. म्हणून ‘कारखाना आमचाच’ म्हणणाऱ्यास कापड कोठले, शिलाई कोठली, हे विचारावे. व्यापारी असणे हा दोष नव्हे. व्यापाऱ्याने कारखानदार म्हणून मिरवणे ही मात्र शंकेची जागा आहे.

दुसरी कसोटी नोंदणीची. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, तमिळनाडूचा ३३. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घातला की नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे विनामूल्य कळते. परंतु दुसऱ्याचा क्रमांक उचलून वापरणारेही असतात. म्हणून बिलावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव एकच आहे ना, हे पाहावे. रक्कम खासगी खात्यात मागितली, तर तेथेच थांबावे. प्रथम नमुना मागवावा, मगच मोठी मागणी नोंदवावी.

नामांकित कंपनीच्या ‘फर्स्ट कॉपी’चा मोह तर कटाक्षाने टाळावा. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार बनावट चिन्हाचा माल विकणाराही शिक्षेस पात्र ठरतो.

या सावधगिरीला एक विशेष कारण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेणारा हा ग्राहक. पुनर्विक्रीसाठी घेणारा नव्हे. पहिल्याला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकाचा व ग्राहक आयोगाचा आधार आहे. दुसऱ्याला ग्राहक आयोगाचे दार बंद असते, म्हणून रक्कम देण्यापूर्वीची चौकशी हेच त्याचे खरे संरक्षण. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर मात्र दोघांनीही विलंब न लावता १९३० वर कळवावे.

अनेक गोदामे ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. जाहिरातीतील गाळा अस्तित्वात आहे की नाही, याची शहानिशा करण्यास सदस्यांनी साहाय्य करावे. शिक्षकांनी नोंदणी तपासण्याची रीत तरुणांना शिकवावी. गरीब घरातील भांडवल एकदा बुडाले की पुन्हा उभे राहणे कठीण असते. ते वाचविणे, हेही विकासाचेच कार्य होय.