शोधनिबंधातील कोष्टक
(विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



कोष्टक मजकुराच्या मदतीवाचून समजले पाहिजे. म्हणून त्याला क्रमांक द्यावा. शीर्षकात विषय, प्रदेश व वर्ष लिहावे. एकक स्तंभाच्या मथळ्यात एकदाच द्यावे. दशांशचिन्हे एकाखाली एक यावीत. माहिती नसेल तेथे शून्य लिहू नये. शून्य हाही एक आकडाच आहे.

आपल्या समाजाचेच उदाहरण घेऊ. २००१ च्या जनगणनेत भारतातील मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती, तर सर्व लोकसंख्येची ६४.८ टक्के. महाराष्ट्रात मात्र मुस्लिमांची ७८.१ आणि एकूण राज्याची ७६.९ टक्के होती. पहिलीच ओळ छापली, तर वाचक एक निष्कर्ष काढील; दोन्ही छापल्या, तर त्याला विचार करावा लागेल.

शिवाय हे प्रमाण सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढलेले आहे. ही तळटीप गाळून संपूर्ण लोकसंख्येवर काढलेल्या जुन्या आकड्याशी तुलना केली, तर प्रगती आहे त्याहून मोठी दिसेल.

मित्रहो, आपल्याविषयीचे आकडे आजवर बहुधा इतरांनी मांडले. ते तपासण्याचे व प्रामाणिकपणे मांडण्याचे काम आता तुम्ही हाती घ्यावे.