कोड लिहिणारे आहेत, तपासणारे हवेत



मित्रांनो आणि बहिणींनो, गिटहबवर खातं कुणाकुणाचं आहे असं विचारलं तर इथले निम्मे हात वर जातील. दुसऱ्याच्या प्रकल्पात पुल रिक्वेस्ट कुणी पाठवली आहे, असं विचारलं तर थोडे. आणि दुसऱ्या कुणीतरी पाठवलेली पुल रिक्वेस्ट उघडून, वाचून, आपल्या मशीनवर चालवून पाहून त्याखाली चार ओळी कुणी लिहिल्या आहेत? मला आज या तिसऱ्या प्रश्नावर बोलायचं आहे.

ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांना दिसणारा कोड. पण दिसणारा कोड आणि कुणीतरी पाहिलेला कोड यात अंतर आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला. समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जात होती, एवढीच चूक. तो कोड टीममधल्या एकाने तपासलाही होता. मग २०१२ च्या मार्चपासून दोन वर्षं तो जगभरच्या सर्व्हरवर चालत राहिला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं साधन आहे, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. मानसिक प्रकृतीच्या अडचणी आहेत आणि हे बिनपगारी, छंदाचं काम आहे, असं त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. त्याच सुमारास काही अनोळखी खाती त्याच्यामागे लागली: पॅच पडून आहेत, काम पुढे सरकत नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. तो 'दुसरा' तयारच होता. जिया टॅन या नावाने कुणीतरी २०२१ पासून नीट, उपयोगी योगदान देत आला होता. हळूहळू त्याच्या हाती अधिकार आले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० या आवृत्तीत त्याने चोरदरवाजा घातला.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉयंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा प्रोग्रामर. एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. तो त्याच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने सगळ्यांना सावध केलं. एक्सझेड हा काही त्याचा प्रकल्प नव्हता. खरं सांगायचं तर नुसता गिटमधला कोड वाचून हे सहज सापडलंही नसतं, कारण दरवाजा उघडणारा तुकडा फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होता. म्हणून तपासणी म्हणजे केवळ वाचन नाही. बांधून पाहणं, चालवून पाहणं, दोन गठ्ठे शेजारी ठेवून ताडून पाहणं हीसुद्धा तपासणीच.

माझा मुद्दा मात्र त्या एकट्या माणसाचा आहे. त्याच्या पॅचखाली पाच-सहा ओळखीचे, नियमित तपासणारे लोक असते, तर 'काम पडून आहे' ही तक्रार इतकी टोचली नसती आणि अनोळखी मदतनीसाची गरजही एवढी भासली नसती.

आता आपल्याकडचं. लिनक्स कर्नेलमध्ये प्रत्येक बदलाखाली नावांची साखळी असते. 'साइन्ड-ऑफ-बाय', म्हणजे हा बदल माझ्या हातून पुढे गेला. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे मी तो तपासला. 'टेस्टेड-बाय', म्हणजे मी तो चालवून पाहिला. मदरशात शिकलेल्या मित्राला हे दाखवलं तर तो लगेच म्हणेल, ही तर सनद. कोड म्हणजे हदीस नव्हे, तुलना ताणू नका. पण कुणी सांगितलं, कुणाकडून घेतलं, तो माणूस किती भरवशाचा, हे विचारण्याची शिस्त आपल्या मुहद्दिसीननी अस्मा-उर-रिजालच्या रूपाने उभी केली. ती शिस्त आपल्या घरची आहे. मग टेस्टेड-बायखाली आपलं नाव का नसावं?

'आम्हाला एवढं कोडिंग येत नाही' हे उत्तर मी नेहमी ऐकतो. नमाजच्या वेळा काढणाऱ्या ओपन सोर्स लायब्रऱ्या पाहा. त्यात असरसाठी मसलक निवडावा लागतो: शाफई हिशेबात सावली वस्तूएवढी, हनफी हिशेबात दुप्पट (दुपारची मूळ सावली सोडून). आता रत्नागिरीच्या कोकणी कुटुंबात शाफई वेळ लागते आणि औरंगाबादेत बहुतेकांना हनफी. 'भारत म्हणजे हनफी' असं गृहीत धरणारा बदल कुणी पाठवला, तर परदेशातल्या प्रोग्रामरला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. दापोलीच्या मुलीला पहिल्याच नजरेत दिसेल. इशासाठी कराची पद्धत १८ अंश धरते, मुस्लिम वर्ल्ड लीग १७. आपल्या अक्षांशावर या एका अंशाने साधारण चार मिनिटांचा फरक पडतो. मशिदीतला तक्ता हातात घेऊन महिनाभराच्या वेळा ताडून पाहायला गणिताची पदवी लागत नाही.

भाषेचंही तसंच. मराठीतला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण 'तुमच्याऐवजी दुसऱ्याला' शोधायला जा, एका प्रकाराने लिहिलेलं दुसऱ्या प्रकाराने सापडत नाही. हे मराठी टाइप करणाराच पकडेल. आणि हिंदीवरून ओढूनताणून केलेली मराठी भाषांतरं तर तुम्ही झोपेतही ओळखाल!

एक सावधगिरी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टी-शर्ट मिळतो म्हणून लोकांनी रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसवून पुल रिक्वेस्टचा पूर पाठवला होता, प्रकल्प सांभाळणारे रडकुंडीला आले. आता एआयने लिहिलेल्या, न तपासलेल्या अहवालांनी तेच चाललंय. कर्लचे डॅनियल स्टेनबर्ग जाहीरपणे त्रागा करतात. नुसतं 'छान आहे' लिहिणारा रिव्ह्यू त्याच जातीचा. मी काय चालवलं, कोणत्या फोनवर, काय अपेक्षित होतं, काय झालं, एवढं लिहा. न समजलेलं सरळ विचारा; 'ही अट इथे का?' या प्रश्नानेही चूक बाहेर येते. आणि लिहिणाऱ्याच्या माणूसपणाला धक्का लावू नका, दोष कोडचा सांगा.

ज्यांच्याकडे स्वतःचे छोटे प्रकल्प आहेत त्यांनाही सांगतो: तपासणारे आपोआप येत नाहीत. बदल लहान ठेवा, तो कसा चालवून पाहायचा हे वर दोन ओळींत लिहा आणि आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या. पहिल्या रिव्ह्यूला महिनाभर उत्तर मिळालं नाही तर तो माणूस परत येत नाही.

जोहरनंतर मागच्या खोलीत आपण लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. दोघादोघांच्या जोड्या करा, शक्यतो एक कोड येणारा आणि एक न येणारा. प्रत्येक जोडीने एकच उघडी पुल रिक्वेस्ट घ्यायची. ज्यांच्या मोहल्ल्याच्या मशिदीचा तक्ता फोनमध्ये आहे, त्यांनी तो आत्ताच शोधून ठेवा.