गुन्हा कशाला म्हणायचे?

(जत भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सरकार सुधारायचे तर सुरुवात कुठून करायची, हा आजचा विषय. कोणी म्हणेल पाणी, कोणी वीज, कोणी कर्ज. माझे म्हणणे, आधी शेतकऱ्याच्या मानेवरची फौजदारी कलमे काढा. भ्यालेला माणूस पाणीसुद्धा हक्काने मागत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्वारीची लेव्ही पाहिली आहे. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. जतच्या पूर्वेकडच्या गावांना विजापूरचा बाजार जवळचा. पण स्वतःच्या घामाचा कापूस हद्दीपलीकडे नेला, की गाडी अडवायची! सुमारे ३० वर्षांनी, २००२ साली, खासगी खरेदी खुली झाली. इतकी वर्षे आपण कोणाची चोरी केली होती?

अशा बंधनांचे मूळ १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्यात आहे. त्यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे. १९७४ साली त्यात आणखी एक कलम घातले : आरोपीच्या मनात खोट होती असे कोर्टाने धरून चालायचे, खोट नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचे. खुनाच्या खटल्यात गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो, इथे उलटे! १९७६ साली हा कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला. पुढे कच्चा कापूस २००६ च्या दुरुस्तीने यादीतून गेला. अन्नधान्य मात्र राहिले.

आता बियाण्याचे पाहा. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे विनापरवाना कापूस बियाणे उघडपणे पेरले. त्यांच्यापैकी काहींवर गुन्हे नोंदले गेले. पर्यावरण कायद्यात तेव्हा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. आणि न उगवणारे बी विकणाऱ्याला? १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड लिहिला गेला. फसवणाऱ्याला ५०० रुपये, भांगलणीचा खर्च वाचवू पाहणाऱ्याला तुरुंग!

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातली ही कैद काढली. तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला. १५ लाख म्हणजे कोरडवाहू माणसाची जमीनच. आणि दंड भरला नाही तर पुन्हा तुरुंग आहेच.

कोणी विचारील, मग मनाला येईल ते करायचे काय? नाही. मी शेतकी शिकलेला माणूस आहे. चोरट्या बियाण्याला पावती नाही, लेबल नाही. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले तर त्याला दाद न देणारे तण माजते, हेही खरे. म्हणून चाचणी हवी, लेबल हवे, शेजाऱ्याचे पीक जळाले तर भरपाई हवी. पण बंदीने बियाणे थांबत नाही. ते रात्री येते, महाग येते आणि त्यात भेसळ येते.

खळ्यावर आपण उफणणी करतो, तशी या कायद्यांची करा. ज्याने दुसऱ्याला फसवले, लुटले, इजा केली, तो गुन्हेगार. ज्याने स्वतःचा माल विकला, तो नव्हे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात न्यायदान मंडळे चालवली. त्यांचा धाक दरोडेखोरांना आणि गुंडांना होता. पत्री मारणे मला मान्य नाही, पण धाक कोणाला असावा हे त्यांना कळत होते.

म्हणून गावोगावी ग्रामसभेत तीन ठराव करा. एक, शेतमाल पिकवणे, साठवणे, विकणे यासाठी शेतकऱ्याला कैद नको. दोन, शेतीला जखडणारे कायदे नवव्या परिशिष्टातून काढा. तीन, बोगस बियाण्याची भरपाई ठरलेल्या मुदतीत द्या आणि ती विकणाऱ्याकडून वसूल करा. केंद्राने २०२५ मध्ये नव्या बियाणे कायद्याचा मसुदा चर्चेला ठेवला. तो कोणाला धाक घालतो, हे एकेक कलम वाचून पाहा.

आपण सूट मागत नाही, अनुदान मागत नाही. आपल्या रानात, आपल्या मालाचे धनी म्हणून ताठ मानेने उभे राहायचे आहे, एवढेच.