सही मागे घेतो
(सोसायटीच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



आधी एक कबुली देतो. पार्किंगमधल्या तांबूस कुत्रीला हाकला, या अर्जावर पहिली सही माझी होती. त्याच महिन्यात लेकीच्या हट्टापायी मी वीस हजारांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू विकत आणलं. जेमतेम महिन्याचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. पार्व्होने पाचव्या दिवशी ते गेलं. लेक दोन दिवस धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती पार्किंगमध्ये सापडली, तांबूस कुत्रीच्या तीन पिल्लांपाशी. म्हणाली, "बाबा, ही फुकट आहेत म्हणून नकोत का आपल्याला?"

मला उत्तर देता आलं नाही.

डॉक्टरांच्या सल्ल्याने लशी पूर्ण झाल्यावर त्यातली चिंगी आमच्या घरी आली. बाकीची दोघंही सोसायटीतच रुळली. त्यांच्या आईची नसबंदी करून तिला नियमाप्रमाणे तिच्याच जागी परत सोडलं. कानावरचा छेद ही त्याचीच खूण.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, असं आपण ऐकत आलो. आपल्याला तेवढं नाही जमणार. पण पाळायचंच असेल तर विकत आणू नका, दारातलं घ्या. आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. दहा-बारा वर्षांची जबाबदारी आहे. आणि पाळायचं नसेल, तर उन्हाळ्यात पाण्याचं एक भांडं तरी ठेवा.

तो अर्ज अजून ऑफिसच्या फाईलमध्ये आहे. आज सर्वांसमक्ष माझी सही मागे घेतो.