आश्रमातले पाहुणपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावची कोणी विदुषी बोलवावी असा आपला रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवी यत्तेपर्यंतचे, आणि सभेत बोलण्याची सवय मुळीच नाही. पण "पवनारच्या आश्रमात तुम्ही राहून आलात, तिथे काय असते ते सांगा," असे पुष्कळ जणींनी विचारले, म्हणून हे धाडस करते आहे.

आधी पाहुणपणाविषयी दोन शब्द. पाहुणा म्हटला की आपण चुलीपाशी असतो. चहा, पोहे, स्वयंपाक, अंथरूण-पांघरूण हे सगळे आपल्याकडे. आपण स्वतः पाहुणी होतो ती फक्त माहेरी, आणि तेही आई असेपर्यंत. आई गेली की माहेरी जाऊनही भावजयीच्या हाताखाली पोळ्या लाटायच्या. त्यात वाईट काही नाही, पण चाळिशी उलटलेल्या बाईला आठवून पाहावे लागते, की दुसऱ्याने मांडलेल्या पाटावर आपण शेवटच्या कधी बसलो होतो.

मी जायचे ठरवले तेव्हा आमच्या घरी प्रश्न निघाला, "घरात काही कमी आहे का? आश्रमात तुझे काय काम?" शेजारच्या एकीने तर हळूच विचारले, "काही भांडण झाले का हो?" बाई तीर्थाला निघाली तर कोणी काही म्हणत नाही. पण चार दिवस नुसती कुठे शांत बसायला निघाली, की लोकांना वाटते घरात काहीतरी बिनसले आहे. आमच्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. त्यांनीच निकाल दिला, "कपाशीची वेचणी झाली आहे, लगीनसराई लांब आहे, आत्ता नाही तर कधी जाईल ती?" मग मी आणि माझ्या नणंदबाई निघालो. एस.टी.ने जळगाव, तिथून आगगाडीने भुसावळ, अकोला, बडनेरा करत वर्धा. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार आहे.

हे ठिकाण विनोबाजी भाव्यांचे. 1938 साली प्रकृती फार ढासळली म्हणून ते इथे राहायला आले. जमनालाल बजाजांचा बंगला इथे होता, त्यात ते राहिले. अंगात ताकद यावी म्हणून रोज थोडी जमीन खणत. इथल्याच जमिनीत जुन्या मूर्ती सापडल्या, त्यांत रामाची आणि भरताची भेट कोरलेली एक शिळा आहे. विनोबांना भरताची भक्ती अतिशय प्रिय, म्हणून त्यांना या शिळेचे मोठे अप्रूप. ती आजही तिथे पुजली जाते. 1948 साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच धाम नदीत सोडला. 1951 साली भूदानासाठी विनोबा इथूनच दिल्लीला पायी निघाले. पुढे कितीतरी वर्षे ते देशभर चालत राहिले, आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी इथेच त्यांनी देह ठेवला.

आपल्याला विशेष वाटावे असे पुढेच आहे. 25 मार्च 1959 रोजी विनोबांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले, ते स्त्रियांसाठी. बायकांनी व्रते करावीत, उपास करावेत, पण वेद-उपनिषदे वाचण्याचा आणि संन्यस्त राहून ब्रह्माचा विचार करण्याचा अधिकार मात्र पुरुषांचा, असे आपल्याकडे शेकडो वर्षे चालले. ही उणीव भरून काढावी आणि ती बायकांनी स्वतःच भरून काढावी, असे त्यांच्या मनात होते. निरनिराळ्या प्रांतांतून मुली आल्या आणि जन्मभर तिथे राहिल्या. आरंभीच्या भगिनींपैकी कितीतरी जणी आता हयात नाहीत.

या आश्रमाला महंत नाही, गादी नाही. कोणतीही गोष्ट ठरवायची तर सगळ्यांचे एकमत व्हावे लागते, एकीचेही मन राजी नसेल तर ती गोष्ट थांबते. भगिनी शेतात काम करतात, सूत काततात, स्वयंपाक आणि झाडलोट करतात. 'मैत्री' नावाचे हिंदी मासिक त्यांनीच चालवले. अंगमेहनत हीच पूजा असे तिथे मानतात. 1950 साली विनोबांनी इथेच कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता, म्हणजे पैशावाचून आपल्या कष्टावर जगून पाहण्याचा.

आता आमच्या मुक्कामाचे सांगते. पहाटे अंधारातच प्रार्थना होते. त्या वेळी ईशावास्य म्हणतात. दिवसा सगळ्या मिळून विष्णुसहस्रनाम म्हणतात, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत स्थितप्रज्ञाची लक्षणे. ती 'गीताई'तली, मराठीच, म्हणून आम्हा दोघींनाही म्हणता आली. 'गीताई'ची गोष्ट आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. मराठी पुस्तक आणून दिले तर तेही अवघड. तेव्हा तूच का लिहीत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. त्या 1918 साली गेल्या आणि 'गीताई' 1930-31 मध्ये लिहून झाली. आपल्या शेजारच्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. कमी शिकलेल्या एका आईला समजावे म्हणून जे लिहिले गेले, ते सातवी शिकलेल्या मला तिथे बसून म्हणता आले, याचे मला फार समाधान वाटले.

प्रार्थना सोडली तर बाकी वेळ कामाचा. पाहुणा आला म्हणून त्याला बसवून ठेवत नाहीत. आम्ही भाजी निवडली, धान्य पाखडले, अंगण झाडले. नणंदबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "वहिनी, हेच करायचे होते तर सोयगावला काय वाईट होते?" मलाही तसेच वाटले होते. काम तेच, पण दोन-तीन फरक हळूहळू लक्षात आले. काम एकटीवर नव्हते, ज्या जेवणार त्याच निवडणार आणि त्याच भांडी घासणार. कामाची वेळ संपली की ते खरेच संपत होते. आणि डोळे मिटून बसले किंवा पुस्तक उघडले तर मधेच हाक येत नव्हती. घरी आपण पोथी घेऊन बसलो की नेमका त्याच वेळी कोणाचा तरी टॉवेल हरवतो!

मन लगेच शांत झाले असे मात्र कोणी समजू नका. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसले, तर डोक्यात दुधाचा हिशेब, कापसाच्या व्यापाऱ्याकडची बाकी आणि धाकट्याची परीक्षा. तिसऱ्या दिवशी नदीकाठी बसले होते, तेव्हा बराच वेळ काहीच आठवले नाही. तेवढ्यासाठी एवढा प्रवास केला असे म्हणायला हरकत नाही.

आता सावधगिरीचे चार शब्द, कारण आपल्यातल्या काही जणी उद्या दुसरीकडे कुठे जातील. आश्रम या नावाखाली आज सर्व प्रकार आहेत. पूर्वी एका मोठ्या मठात मी गेले होते, तिथे देणगीच्या आकड्याप्रमाणे पंगत बसत होती. मी नाव घेत नाही. माझे म्हणणे एवढेच, की जाण्यापूर्वी पाहावे. तिथे पैशाचा हिशेब उघड आहे का? बायकांच्या राहण्याची व्यवस्था बायकांच्याच हाती आहे का? घरी फोन करायला, मनात येईल तेव्हा परत निघायला मोकळीक आहे का? कोणी एक माणूस स्वतःला देव म्हणवून घेतो का? एकटीला एकांतात भेटायला बोलावतात का? औषध बंद करा, दागिने द्या, घरच्यांना सांगू नका, असे कोणी म्हणाले तर पुढचा विचार न करता पिशवी उचलावी. पहिल्यांदा जाताना दोघींनी मिळून जावे हे उत्तम.

पाहुणीकडूनही काही अपेक्षा असतात. आधी पत्र लिहून किंवा फोन करून विचारावे, उत्तर आल्याशिवाय दारात जाऊन उभे राहू नये. साधी सुती लुगडी न्यावीत, दागिने घरी ठेवावेत. नेहमीची औषधे, शाल आणि विजेरी जवळ असावी. मोबाईल बंद ठेवावा, घरी दिवसातून एकदा बोलावे. ताटात हवे तेवढेच घ्यावे. तिथल्या भगिनींना "लग्न का केले नाही?" हे विचारू नये. निघताना यथाशक्ति काही द्यावे आणि आपली खोली झाडून निघावे. पवनारला गेलात तर सेवाग्रामही पाहून या. गांधीजी 1936 पासून तिथे राहिले, त्यांची कुटी तशीच जतन केली आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. मला जाता आले, कारण सासूबाई पाठीशी होत्या. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, अंथरुणावरचे माणूस आहे, किंवा विचारायची सोयच नाही, त्यांनी कसे जावे? खरी गरज तर त्यांनाच आहे. म्हणून वर्षातून एकदा, वेचणीनंतर, दोघी जणींना चार दिवस पाठवावे. एस.टी.-आगगाडीचे भाडे मंडळाच्या भिशीतून द्यावे. त्या चार दिवसांत त्यांच्या घरचा डबा, मुलांची शाळा आणि आजाऱ्याचे औषधपाणी आपण बाकीच्यांनी वाटून घ्यावे. घरच्या माणसांना विचारायलाही एकटीने जाऊ नये, आपण चौघींनी मिळून जावे. आणि कोणाला पाठवायचे हे मतांनी न ठरवता पवनारसारखे सर्वांच्या संमतीने ठरवून पाहावे. वेळ लागेल, पण नंतर कोणी रुसणार नाही.

पहिल्या वर्षी कोणाचेही नाव निघो, तिच्या घरचा सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे लागला असे आजच लिहून ठेवा.