चंद्रावर गेलेली फेफे

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक उरकल्यावर आम्ही मोबाईलवर एक सिनेमा पाहिला. ‘ओव्हर द मून’, 2020 सालचा, कार्टूनचा. गोष्ट चीनमधली. फेफेच्या घरचा धंदा मूनकेकचा, म्हणजे त्यांच्याकडे शरदातल्या पौर्णिमेला खातात त्या सारण भरलेल्या गोड पदार्थाचा. (आमच्या निम्म्या जणींचं लक्ष तिथंच!) आई आजारपणात जाते. चार वर्षांनी वडील दुसरं लग्न ठरवतात. पोरीला ते सोसत नाही. नवऱ्याच्या विरहात चंद्रावर राहणारी देवी छांगअ खरी आहे हे दाखवलं, तर वडिलांचं मन बदलेल, म्हणून ती रॉकेट बनवून निघते. होणारा सावत्र भाऊ त्यात लपून बसलेला! वर जाऊन बघते, तर देवीच दुःखात कोंडलेली. शेवटी दोघी एकमेकींना बाहेर काढतात.

सिनेमा संपला तशी आमच्यातली बिजवराला दिलेली एक ताई बोलली, “पोरीनं वर्षभर मला आई म्हटलं नाही. पण तिच्या आईचा फोटो मी भिंतीवरून हलवला नाही. रोज पुसते.” दहा वर्षं गटात आहे, हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या बैठकीला ती पोरीला घेऊन येणार आहे. सिनेमा परत लावायचाय.