रिटर्न भरायचं कुणी?



जुलै महिना लागला की आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एकच विषय असतो, इन्कम टॅक्सचं रिटर्न. गेल्या वर्षी शेजारच्या काकू एक कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. काकू निवृत्त शिक्षिका. पिशवीत पेन्शनचा फॉर्म 16, दोन बँकांची पासबुकं आणि रबर लावलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या. म्हणाल्या, "मोबाइलवर सारख्या जाहिराती येतात, ॲपवर रिटर्न भरा म्हणून. ते घेऊ, की सीएंकडेच जाऊ?"

मी म्हटलं, आधी तुमचे कागद बघू. आम्ही आयकर खात्याच्या पोर्टलवर त्यांचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडलं. त्यात तिसऱ्याच एका बँकेचं व्याज होतं. काका गेल्यावर काकूंच्या नावावर झालेली ती ठेव त्या पार विसरल्या होत्या. "पण तिथे मी 15एच फॉर्म दिला होता ना!" काकू म्हणाल्या. हा गैरसमज घरोघरी आहे. 15एच दिला म्हणून बँकेने टीडीएस कापला नाही, एवढंच. ते व्याज उत्पन्नात धरावंच लागतं. ती पावती पिशवीत नव्हती, त्यामुळे नुसते कागद बघून सीएंनाही ती ठेव कळली नसती.

पेन्शन, बँकेचं व्याज, राहतं एक घर आणि उत्पन्न 50 लाखांच्या आत, एवढंच असेल तर 'सहज' नावाचा फॉर्म पुरतो. पोर्टलवर तो फुकट भरता येतो. जुन्या पद्धतीत कर किती, नव्या पद्धतीत किती, हा हिशेब संगणक क्षणात करतो आणि चुकत नाही. काकूंचं रिटर्न तासाभरात झालं. आधारच्या ओटीपीने पडताळणीही तिथल्या तिथे केली. ती 30 दिवसांत करावी लागते, नाहीतर भरलेलं रिटर्न ग्राह्य धरत नाहीत.

पण काकूंच्या धाकट्या दिरांना मी स्वतःच रिटर्न भरा असं सांगितलं नाही. त्यांनी वडिलोपार्जित घर विकलं होतं. सॉफ्टवेअर विचारतं, घराची मूळ किंमत किती? पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या घराची 1 एप्रिल 2001 रोजीची बाजारभावाने किंमत धरता येते, पण ती ठरवायला मूल्यांकन लागतं. शिवाय घर 23 जुलै 2024 च्या आधीचं असल्यामुळे करासाठी दोन पर्याय : महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्के, नाहीतर तो न लावता साडेबारा टक्के. इथे सीएंची फी द्यावी, आनंदाने द्यावी. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या ज्या मुलांना कंपनीचे अमेरिकेतले शेअर मिळतात, त्यांनाही हेच सांगेन. परदेशी मालमत्तेचा तक्ता चुकला तर दंड 10 लाखांचा होऊ शकतो.

पोर्टल आणि सीए या दोन्हींपेक्षा वेगळा एक तिसरा माणूस असतो, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. "रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे," असं तो म्हणतो. न दिलेली देणगी, न भरलेलं घरभाडं दाखवतो. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींच्या तपासासाठी देशभरात 150 ठिकाणी धाड घातली. खोटी माहिती दिली, तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसतो, आणि तो त्याला नव्हे, ज्याचं रिटर्न त्याला बसतो. त्यातही ही माणसं पोर्टलवर स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकून ठेवतात. नोटीस येते ती त्यांच्याकडे, आपल्याला पत्ताही नसतो.

तेव्हा श्रोतेहो, रिटर्न कुणीही भरो, आज रात्री जेवणं झाली की पोर्टलवर आपलं खातं उघडा. प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर आजच बदला.